आधी जातं, मग यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नव्वदच्या दशकात ज्यांनी लग्नाच्या रिसेप्शनला हजेरी लावली असेल, त्यांना एक आवाज नक्की आठवत असेल. हॉलच्या कोपऱ्यात स्टीलचं एक चकचकीत यंत्र. त्याच्या नळीतून फुस्स करून वाफ सुटायची, कपातल्या दुधाला फेस यायचा आणि वरून चॉकलेटची पूड भुरभुरली जायची. आपण रांगेत उभं राहून म्हणायचो, 'एक्स्प्रेसो घेतली का?' श्रोतेहो, त्या कॉफीची चव मलाही आवडायची, अजून आवडते. पण ती एस्प्रेसो नव्हती. इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध वाफेनं तापवलं की जे होतं, ते ती होती. आपल्या कित्येक पिढ्यांची एस्प्रेसोची कल्पना त्या वाफेवर उभी राहिली. त्यामुळे घरी हे मशीन घ्यायला निघालेला माणूस आधी वाफेकडे बघतो आणि तिथेच फसतो. मीही फसलो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझे अब्बा जहाजावर नोकरीला होते. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी एक माणूस दर्यावर असायचाच. निवृत्तीनंतर ते आमच्यासोबत नवीन पनवेलला राहायला आले. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केला आणि सांगितलं, चहा-कॉफी मिळून दिवसाला एकच लहान कप. अब्बा माझ्याकडे बघून म्हणाले, ''एकच असेल, तर जिनोआला मिळायची तशी कर.'' इटलीच्या त्या बंदरात बोट लागली की खलाशी धक्क्याबाहेरच्या दुकानात जायचे. उभ्याउभ्या तीन घोटांत कॉफी संपवायची, वर पेलाभर पाणी प्यायचं आणि परत कामावर.

आयुष्यात अब्बांनी माझ्याकडे फारसं काही मागितलं नाही. मी त्याच आठवड्यात मशीन घेऊन आलो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२० बार' असं छापलेलं होतं. सोबत कॉफी पावडरीचा एक पुडा. पहिला कप अब्बांच्या हातात दिला. वर छान तपकिरी फेस होता. अब्बांनी पूर्ण कप संपवला, 'चांगली आहे' म्हणाले आणि पुढचा महिनाभर कॉफीचं नाव काढलं नाही. दिवसाचा तो एक कपही त्यांनी सोडून दिला. पाहुण्याच्या घरचं जेवण बरं नसलं तरी आपण जसे गप्प बसतो, तसे ते गप्प बसले होते. मला ते फार लागलं.

आता, एस्प्रेसो म्हणजे नेमकं काय? बारीक दळलेल्या कॉफीचा घट्ट दाबलेला थर, त्यातून ९० ते ९६ अंश सेल्सियसचं पाणी सुमारे ९ बार दाबानं ढकलायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांत जो दाट अर्क निघेल तो एस्प्रेसो. ९ बार म्हणजे किती? आपल्या कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारनं जास्त असतो. त्याच्या नऊपट. नुसत्या वाफेच्या जोरावर घरगुती यंत्रात एवढा दाब मिळत नाही. मिळवायला गेलं, तर पाणी इतकं तापतं की कॉफी जळते.

इटलीतल्या लोकांनाही हे कळायला वेळ लागला. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेत्झेरा यांनी १९०१ मध्ये एकेक कप काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ही दोन्ही वाफेची यंत्रं. पुढे मिलानच्याच अकिले गाज्जा यांनी वाफेची वाट सोडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तरफेनं दट्ट्या दाबणारं यंत्र आणलं. तेव्हा कुठे दाब वाढला आणि कपावर तो सोनेरी थर आला, ज्याला 'क्रेमा' म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई-६१' या यंत्रात विजेचा पंप आला आणि माणसाच्या दंडाची मेहनत वाचली. म्हणजे आपल्या लग्नाच्या हॉलमधलं ते यंत्र वृत्तीनं गाज्जांच्या आधीच्या काळातलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

माझा भाचा दुबईत एका कॅफेत कॉफी बनवण्याचं काम करतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ''मामू, मशीन राहू द्या. कॉफी कशात दळता?'' मी म्हटलं, दळत नाही, पुडा आणतो. त्यावर तो हसला आणि म्हणाला, ''मग मशीन काय करणार?''

त्याचं म्हणणं असं. पाणी आळशी असतं. त्याला जिथून सोपी वाट मिळेल तिथून ते जातं. कॉफीचे कण एकसारखे आणि पुरेसे बारीक असतील, तर पाण्याला सगळ्या थरातून सारखं झिरपावं लागतं. कण मोठे असतील तर ते पाच-सात सेकंदांत भसकन खाली येतं आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फारच बारीक असतील तर पाणी अडतं, थेंब थेंब गळतं आणि कॉफी कडूजहर होते. आणि काही कण मोठे, काही धुळीसारखे असे मिसळलेले असतील, तर पाणी एका बाजूनं भोक पाडून निघून जातं. मग एकाच कपात आंबटही आणि कडूही. शिवाय दळलेली कॉफी हवेला लागली की तिचा वास काही मिनिटांतच उडायला लागतो. महिन्यापूर्वी दळलेल्या पुड्याचं काय होत असेल, याचा विचार करा.

मी हुशारी केली. दाणे आणले आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवले. नेमकं तेच झालं, आंबटही आणि कडूही. मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, तोडतं. ज्याला जे पातं लागेल तसा त्याचा तुकडा. तेव्हा मला माझ्या दादीचं जातं आठवलं. तांदूळ दळायला ती पहाटे बसायची. दोन तळ्या, मधे खुंटा, वरच्या तळीत मांकडी. पीठ हवं की रवा की भरड, हे त्या दोन दगडांमधल्या अंतरावर ठरायचं. ते अंतर कसं राखायचं हे तिचं कसब. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. जात्यावरच्या ओव्यांवर आम्ही कवी मंडळी पुष्कळ बोलतो, पण त्या ओव्यांच्या खाली चाललेलं हे यंत्रशास्त्र आमच्या लक्षात येत नाही.

कॉफीचा चांगला ग्राइंडर म्हणजे दुसरं तिसरं काही नसून हे जातंच आहे. दगडाऐवजी पोलादाच्या किंवा सिरॅमिकच्या दातेरी तळ्या, इंग्रजीत त्यांना 'बर' म्हणतात. एकात एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या किंवा समोरासमोर ठेवलेल्या दोन सपाट चकत्या. कोणत्या चांगल्या यावर शौकीन लोक तासन्‌तास वाद घालतात. आपण त्यात पडायला नको. आपण पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट, ग्राइंडरला पातं नको, तळ्या हव्यात. यात तडजोड नाही.

दुसरी गोष्ट, तो पुरेसं बारीक दळतो का? फ्रेंच प्रेसला भरड चालते, दाक्षिणात्य फिल्टरला बारीक रवा लागतो, तुर्की कॉफीला पीठ. एस्प्रेसोचं दळण रवा आणि पीठ यांच्या मधलं. चिमटीत चोळलं तर पिठासारखं चिकटतं, पण बोटाला कणी जाणवते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि दुकानात कुणी न सांगणारी. बारीक-जाड करण्याचे टप्पे किती जवळजवळ आहेत? एक टप्पा फिरवल्यावर कॉफी पडायचा वेळ तीन-चार सेकंदांनी बदलला तर उत्तम. एका टप्प्यात तो एकदम पंधरा सेकंदांनी बदलत असेल, तर तुम्हाला हवी ती जागा कायम दोन टप्प्यांच्या मधे अडकलेली राहील. म्हणून खोक्यावर नुसतं 'एस्प्रेसोपर्यंत दळतो' असं लिहिलेलं पुरेसं नाही. काही ग्राइंडरना टप्पेच नसतात, रेडिओच्या जुन्या बटणासारखं कुठेही थांबवता येतं. एस्प्रेसोसाठी ते सोयीचं.

चौथा प्रश्न, हातानं फिरवायचा की विजेचा? दिवसाला एक-दोन कपच करायचे असतील, तर हाताचा ग्राइंडर घ्या. विजेच्या ग्राइंडरमध्ये बराच पैसा मोटारीत जातो, हाताच्या ग्राइंडरमध्ये तो तळ्यांत जातो. त्याच किमतीत दळण बरंच चांगलं मिळतं. मिनिटभर हात फिरवावा लागतो, इतकंच. पण घरात चार-पाच पिणारे असतील, किंवा हाताचे सांधे दुखत असतील, तर विजेचाच बरा.

आता किमती. त्या सतत बदलतात आणि चांगल्या वस्तू बऱ्याचदा परदेशातून येत असल्यानं त्यांवर जकातही बसते. म्हणून मी आकडा सांगत नाही, प्रमाण सांगतो. ठरवलेल्या एकूण पैशांतला निम्मा तरी ग्राइंडरवर जाऊ द्या. साधं मशीन आणि चांगला ग्राइंडर यांची कॉफी महागड्या मशीनच्या आणि वाईट ग्राइंडरच्या कॉफीला सहज हरवते. मी हा हिशोब घरी सांगितला, तेव्हा बायको म्हणाली, ''एवढ्या पैशात घरघंटी आली असती.'' मी म्हटलं, घरघंटीच आणतोय, फक्त कॉफीची.

मशीनकडे येऊ. खोक्यावरचे '१५ बार', '२० बार' हे आकडे पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, ते सांगतात. कॉफीला हवे असतात ९ च्या आसपास. गाडीचा स्पीडोमीटर २०० दाखवतो म्हणून पनवेलच्या उड्डाणपुलावर आपण २०० नं जात नाही, तसंच हे.

दुसरं, कॉफी भरायची जाळी बघा. स्वस्त मशीनबरोबर बहुतेक वेळा दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या तळाशी एकच बारीक भोक असतं. दाब त्या भोकामुळे तयार होतो आणि कॉफी कशीही दळलेली असली तरी फेस येतो. माझ्या पहिल्या कपावरचा तो छान तपकिरी फेस हाच. ग्राइंडर घेतल्यावर एकेरी तळाची जाळी वापरायची. मशीन घेतानाच अशी जाळी मिळते का, हे विचारून घ्या. तीही शक्यतो ५८ मिलिमीटरची असेल तर बरं. दुकानांतल्या बऱ्याच मोठ्या यंत्रांचं माप तेच असल्यानं सुटे भाग सहज मिळतात.

दुधाची कॉफी पिणारे घरात असतील, तरच वाफेच्या नळीकडे लक्ष द्या. साध्या मशीनमध्ये एकच हीटर असतो. कॉफी काढल्यावर वाफेसाठी थोडं थांबावं लागतं. दोन बॉयलरच्या मशीनला थांबावं लागत नाही, पण किंमत कितीतरी वाढते. आणि नुसती काळी कॉफी प्यायची असेल, तर हातानं दाबायची तरफेची यंत्रंही मिळतात. शेवेच्या सोऱ्याचा दट्ट्या दाबतो ना, तसंच. पाणी बाहेर उकळायचं, ओतायचं आणि दाबायचं. वीज नको, पंप नको, बिघडायला फारसं काही नाही.

दोन-तीन घरगुती सूचना. बहुतेक मशीन हजार-दीड हजार वॅटची असतात, त्यांना १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. अमेरिकेतला नातेवाईक 'येताना घेऊन येतो' म्हणाला, तर त्याला प्रेमानं नको म्हणा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. आणि पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात. बोअरवेलच्या जड पाण्यानं बॉयलरमध्ये क्षार साचतात आणि मशीन आतून गुदमरतं. गाळलेलं, हलकं पाणी वापरा आणि कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत क्षार काढून टाका.

इतकं सगळं करून दाणे शिळे असतील, तर मेहनत पाण्यात. पाकिटावर कॉफी भाजल्याची तारीख असेल तरच घ्या. भाजल्यावर आठवडाभरानं ते दाणे एस्प्रेसोला चांगले लागतात आणि पुढचे तीन-चार आठवडे बरे राहतात. चिकोरी मिसळलेली पावडर या यंत्रात घालू नका. ती फिल्टरच्या भांड्यात शोभते, इथे चिकट होऊन पाणी अडवते.

दाणे मात्र परदेशी नकोत. आख्यायिका अशी की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे फकीर हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी होते. देशातली बहुतेक कॉफी मात्र कर्नाटकात पिकते आणि एकूण पिकात रोबस्टा जातीचा वाटा जास्त. ही जात कडवट, पण एस्प्रेसोला दाटपणा आणि वरचा सोनेरी थर देणारी. भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अनेक वर्षं कोण आहे? इटली. म्हणजे अब्बांनी जिनोआच्या धक्क्यावर प्यायलेल्या कपात आपल्याच कुर्गचे चार दाणे असतीलही, कोण जाणे.

आता कृती. एक छोटा वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा. १८ ग्रॅम कॉफी दळा, सारखी पसरा, दट्ट्यानं सरळ दाबा. कपात ३६ ग्रॅम अर्क यायला किती सेकंद लागले ते बघा. पंचवीस ते तीस लागले तर जमलं. हे झालं मोठ्या जाळीचं, दोन जणांचं माप. लहान जाळीत सगळं साधारण निम्मं. लवकर पडली आणि आंबट लागली, तर ग्राइंडर एक टप्पा बारीक करा. रेंगाळली आणि कडू झाली, तर एक टप्पा जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा पुडा उघडला की पुन्हा जुळवावं लागतं. आमच्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की मे महिन्यात जमलेलं दळण पावसाळ्यात चालत नाही. ग्राइंडर आठवड्यातून एकदा ब्रशनं झाडा. पोलादाच्या तळ्यांना पाणी लावू नका, गंज चढतो.

कुणी म्हणेल, कवी महाराज, एवढा खटाटोप आणि खर्च कशाला? बरोबर आहे. सगळ्यांनी तो करावा असं मी म्हणणारही नाही. १९३३ पासून इटलीतल्या घराघरांत गॅसवर ठेवायचं मोका पॉट नावाचं छोटं भांडं आहे. त्याचा दाब एक-दीड बारच असतो, म्हणून ती एस्प्रेसो नव्हे, पण दाट आणि छान कॉफी होते. आपलं पितळी किंवा स्टीलचं दाक्षिणात्य फिल्टरही आहेच. माटुंग्याला मैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानासमोरून गेलात, तर ताज्या दळलेल्या कॉफीच्या वासानं पाय आपोआप थांबतात. पैसे थोडेच असतील, तर ते चांगल्या हाताच्या ग्राइंडरमध्ये घाला आणि कॉफी फिल्टरमध्ये किंवा मोका पॉटमध्ये करा. मशीन पुढे कधीही घेता येईल. वाईट ग्राइंडर घेऊन मशीन आधी आणलंत, तर मात्र माझ्यासारखी गत होईल.

मी मशीन बदललं नाही. तेच '२० बार'वालं, फक्त जाळी एकेरी तळाची आणली आणि हाताचा ग्राइंडर घेतला. पहिले आठ दिवस रोज कॉफी ओतून दिली, वहीत सेकंद लिहिले. नवव्या दिवशी लहान जाळीत सव्वीस सेकंद आले. अब्बांना कप नेऊन दिला. शेजारी पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, मग दुसरा. म्हणाले, ''कडू आहे. पण जळकी नाही.'' तिसऱ्या घोटात कप रिकामा झाला. वर पाणी प्याले.

आता रोज सकाळी दहा वाजता ते स्वतःच खुर्चीवर बसून ग्राइंडर फिरवतात. मिनिटाचं काम त्यांना तीन मिनिटं लागतं. मी मधे हात घालत नाही. दिवसाला एकच कप आहे. त्याचं दळण त्यांच्या हातचं असावं, असं त्यांना वाटतं.